शेकरू, चौशिंगा, वाघाटी, पेंग्विन: प्राणिसंग्रहालयातले दुर्मीळ जीव नीट पाहायचे कसे

पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात शिरलेलं कुटुंब बहुतेक वेळा दोन-तीन तासांत सगळं फिरून बाहेर पडतं. वाघ पाहून होतो, अस्वल पाहून होतं, सर्पोद्यान उरकतं. वाटेत एका उंच जाळीच्या पिंजऱ्यापुढे सगळे पाच-दहा सेकंद थांबतात, कुणीतरी ‘यात काही नाही’ म्हणतं आणि मंडळी पुढे सरकतात. आत शेकरू असतं. डोक्यापासून हातभर वर, फांदीला पोट चिकटवून, जराही न हलता ते याच मंडळींकडे पाहत असतं.

दुर्मीळ प्राण्यांपैकी पुष्कळसे असेच असतात: लहान, लाजरे, रात्री फिरणारे, रंगाने पाचोळ्यात मिसळून जाणारे. वाघ-हत्तींसारखे ते आपणहून डोळ्यांत भरत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका की एका खेपेला तीनच पिंजरे पाहायचे आणि प्रत्येकापुढे किमान अर्धा तास काढायचा. बाकीचं पुढच्या खेपेला. बरोबर लहान मुलं असतील तर दोन पिंजरे पुरे.

निघण्याआधी

कात्रज आणि भायखळ्याची वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान (राणीची बाग) ही दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात, गोव्यातलं बोंडला गुरुवारी. भायखळ्याला बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. सणावाराला जाणार असाल तर आधी खात्री करून घ्या. रविवार आणि शाळांच्या सहलींचे दिवस टाळा. गर्दीमुळे आपली गैरसोय होते ती सोडाच, लाजरे प्राणी अशा दिवशी मागच्या खोलीतून बाहेरच येत नाहीत.

कोणते प्राणी आहेत हे कळायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचं संकेतस्थळ उपयोगी पडतं. १९९२ साली स्थापन झालेली ही संस्था मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांकडून दरवर्षी प्राण्यांची मोजदाद मागवते आणि ती तिथे वाचायला मिळते. त्यात प्रत्येक जातीपुढे नर, माद्या आणि लिंग न ठरलेले अशा तीन संख्या असतात. या क्षेत्रातले लोक हेच थोडक्यात ‘२.३.१’ असं लिहितात, म्हणजे दोन नर, तीन माद्या, एक अनिश्चित. हा आकडा बघून गेलात की पिंजऱ्यापुढे किती डोकी शोधायची ते ठाऊक असतं. एक लक्षात ठेवा, यादीतला प्रत्येक प्राणी लोकांना दाखवायला ठेवलेला असतोच असं नाही. नवीन आलेला प्राणी काही आठवडे विलगीकरणात असतो, आजारी असला तर दवाखान्यात, आणि प्रजननासाठी ठेवलेल्या जोड्या मुद्दाम माणसांच्या नजरेआड ठेवतात. अशी जोडी ‘जरा दाखवा ना’ म्हणून गळ घालू नये. पिल्लं झालेली मादी बिथरली तर पिल्लं टाकून देते, क्वचित मारूनही टाकते.

यादीतलं नाव वाचताना वेगळं आणि दुर्मीळ यांत गल्लत करू नका. पांढरा वाघ ही जात नव्हे. तो आपला नेहमीचा वाघच, एका अप्रभावी जनुकामुळे पांढरा झालेला. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या नरापासून पुढे नात्यातच प्रजनन करत त्यांची संख्या वाढवली गेली आणि तिरळेपणासारखे दोष त्यांच्या वंशात दिसतात. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात किंवा कात्रजला पांढरा वाघ जरूर पाहा, पण संवर्धनाच्या दृष्टीने त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातला लांडगा किंवा चौशिंगा कितीतरी मोलाचा आहे.

सामान थोडंच लागतं. ८×३२ किंवा ८×४२ ची दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ३२ किंवा ४२ मिलिमीटर). १० पटीची घेतली तर हात हलतो आणि जवळचं धूसर दिसतं. दुर्बीण विकत घेताना ती किती जवळच्या वस्तूवर स्थिरावते ते पाहा. दोन-अडीच मीटरवर स्पष्ट दिसायला हवं, कारण प्राणिसंग्रहालयात अंतरं कमी असतात. खिशात मावणारी वही, पेन्सिल, घड्याळ. खाण्याचा डबा गाडीत ठेवा. पिशवी चुरचुरली की माकडं आणि अस्वलं सगळं सोडून कठड्याशी येतात आणि मग तुम्हाला त्यांचं मागणंच तेवढं पाहायला मिळतं.

ज्यांच्या घरी गाई-म्हशी, शेळ्या आहेत त्यांनी गोठ्यात वापरलेल्या चपला-बूट घालून येऊ नये. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चिखल-शेणातून हरणांच्या कळपापर्यंत पोचतो आणि दुभंगलेले खूर असलेला जवळजवळ कुठलाही प्राणी त्याला बळी पडू शकतो. दारात औषधाच्या पाण्याचं पायपुसणं ठेवलेलं असेल तर त्याला वळसा घालू नका, दोन्ही पाय नीट बुडवून जा.

पिंजऱ्यापुढे उभं राहण्याची पद्धत

दार उघडताच आत जा आणि थेट आपल्या निवडलेल्या पिंजऱ्याकडे चालू लागा. सकाळची सफाई होऊन प्राणी नुकतेच बाहेर सोडलेले असतात, नवीन वास हुंगत फिरत असतात. पहिला दीड तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास, हे खरे मोलाचे. दुपारी बारा ते तीन या वेळात सरपटणारे प्राणी, पेंग्विन आणि मत्स्यालयासारख्या बंद दालनांकडे वळा. तिथे बाहेरच्या उन्हाचा परिणाम कमी.

सूर्य पाठीशी येईल अशी बाजू निवडा. कठड्याला रेलू नका, एक-दोन पावलं मागेच थांबा. पहिली तीन मिनिटं बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मग नजर फिरवा. पिंजऱ्याचे मनातल्या मनात चार भाग करा आणि एकेक भाग उजवीकडून डावीकडे न्याहाळा. वाचायच्या सवयीमुळे डावीकडून उजवीकडे नजर पटकन घसरते, उलट दिशेने ती आपोआप मंदावते. अख्खा प्राणी शोधू नका. कानाची कड, शेपटीचं टोक, डोळ्याची चमक, श्वासाने हलणारी कूस यांपैकी एक काहीतरी सापडतं आणि मग बाकीचं शरीर त्याभोवती उलगडत जातं. वरचे कोपरे, आडव्या ओंडक्याची पलीकडची बाजू, घरट्याच्या पेटीचं तोंड आणि जमिनीवरची सावलीची सीमारेषा या चार जागा नवखी माणसं हमखास विसरतात.

काच किंवा जाळी ठोकली की प्राणी वळून बघतो हे खरं. पण दिवसात पाचशे माणसांनी ठोकलं की तो मागच्या खोलीतच बसायला शिकतो, आणि नंतर येणाऱ्यांना रिकामा पिंजरा दिसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमानुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हा गुन्हा आहे.

शेकरू

महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः याच्यासाठी. शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब, वजन दीड ते दोन किलो, आणि शेपटी अंगापेक्षा मोठी. बरेच जण याला उडणारी खार समजतात. उडणाऱ्या खारीला पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो आणि ती रात्रीची असते. शेकरू दिवसाचं, आणि ते उडत नाही, उडी मारतं. जंगलात सहा मीटरपर्यंतची.

शोधायचं कसं? आधी खाली बघा. कुरतडलेली सालं, फळांच्या बियांचे तुकडे, ताजी पानं पडलेली दिसली की त्याच्या बरोबर वरची फांदी तपासा. शेपटी फांदीखाली लोंबत असते आणि बहुतेकदा तीच आधी दिसते. शेकरू घाबरलं की पळत नाही, फांदीला चपटं चिकटून थिजतं. ते तसं दिसलं तर समजा की कारण तुम्हीच आहात. चार पावलं मागे जा, दुसरीकडे बघत उभे राहा. पाच ते दहा मिनिटांत ते पुन्हा हलतं.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे त्याचं खाणं. मागच्या पायांनी फांदी धरून ते पुढे झुकतं, पुढच्या दोन्ही पायांत फळ घेतं आणि पलीकडे सोडलेल्या शेपटीने तोल सांभाळतं. तराजूच्या दांडीसारखं अंग दोन्हीकडे समतोल होतं. दुर्बिणीतून पुढचा पाय बघा: आतल्या बाजूला रुंद गादी असते, फळ धरायला त्याचाच उपयोग. रंगही नीट टिपून ठेवा. याच्या उपजातींत तपकिरी, गडद तांबूस, काळा असे फरक आहेत. भीमाशंकरचं शेकरू वरून तांबूस, पोटाशी पिवळट-पांढुरकं आणि शेपटीचं टोक फिकट असं असतं.

जंगलात एकेक शेकरू अनेक घरटी बांधून ठेवतं, फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा. पिंजऱ्यातही एकापेक्षा जास्त पेट्या किंवा टोपल्या दिसायला हव्यात, आणि त्या जमिनीपासून उंच. ताज्या फांद्या आहेत का तेही पाहा. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. चावायला सालीचं लाकूड नसेल तर ते झिजत नाहीत, वाकडे वाढतात आणि मग प्राण्याला खाता येईनासं होतं. नुसतं कापलेलं मऊ फळ ताटलीत ठेवलेलं असेल आणि फांदी एकही नसेल, तर ही गोष्ट अभिप्रायाच्या वहीत जरूर लिहा. तक्रारीच्या सुरात लिहायची गरज नाही. ‘शेकरूला सालीसकट ताज्या फांद्या मिळाव्यात’ एवढं पुरतं.

चौशिंगा

जगात चार शिंगांचं हे एकच रानटी हरणासारखं जनावर, आणि ते फक्त भारत आणि नेपाळमध्ये आहे. खांद्यापाशी उंची साधारण साठ सेंटिमीटर, वजन वीस किलोच्या आसपास. म्हणजे मोठ्या शेळीएवढं सुद्धा नाही. लोक चितळांचा कळप पाहायला थांबतात आणि हे झुडपाआड उभं असलेलं एकटं जनावर ‘हरणाचं पिल्लू’ म्हणून सोडून देतात.

चार शिंगं फक्त नराला. मागची जोडी सात-आठ ते बारा सेंटिमीटरची, कानांच्या मध्ये. पुढची जोडी कपाळावर, दोन ते पाच सेंटिमीटर, पुष्कळदा नुसती उंचवट्यासारखी. समोरून पाहिलं तर ती केसांत हरवते. बाजूने, डोकं खाली घातलेलं असताना पाहा. पुढची शिंगं वयाच्या सव्वा वर्षाच्या आसपास फुटतात, म्हणून दोनच शिंगांचा चौशिंगा दिसला तर पाटी चुकली असं समजू नका, तो तरुण नर असू शकतो. शिंगं अजिबात नसतील तर मादी. दुर्बिणीतून पुढच्या पायांच्या समोरून गेलेला काळपट पट्टा बघा, ओळख पटवायला तो चांगला.

भेकराशी होणारी गल्लत टाळायची तर चेहरा बघा. भेकराच्या चेहऱ्यावर डोळ्यांपासून खाली उतरणाऱ्या हाडाच्या दोन कडा असतात, त्यावर काळ्या रेषा. त्याची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. चौशिंग्याची जन्मभर तीच राहतात, कारण तो हरणांच्या नव्हे, गाई-बकऱ्यांच्या कुळातला आहे.

तो दिसत नसला तर लेंड्यांचा ढीग शोधा. चौशिंगा पुन्हापुन्हा त्याच जागी विष्ठा टाकतो. आवारात अशा ठरलेल्या दोन-तीन जागा असतात आणि दिवसातून तो तिथे येतोच. ढीग दिसेल अशा ठिकाणी उभं राहून वाट पाहणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. त्याची चालही मुद्दाम पाहण्यासारखी आहे. घाबरला की झटक्याझटक्याने, पाय उंच उचलत पावलं टाकतो.

आवारात उंच गवत किंवा झुडपं नसतील तर चौशिंगा सतत कुंपणालगत फिरत राहतो. उघड्या मैदानात ठेवायचं हे जनावर नव्हे. काही मोठ्या आवारांत ‘प्राणी दिसत नाही’ अशी प्रेक्षकांची तक्रार आली की झुडपं छाटली जातात; प्राणी दिसू लागतो, पण तो धास्तावलेला प्राणी असतो. दिसायला वेळ लागणं हे चांगल्या आवाराचं लक्षण आहे. अशी तक्रार कधीच लिहू नका.

वाघाटी, बिबट मांजर, रानमांजर

इथे मराठी नावांचा गोंधळ फार आहे. ‘वाघाटी’ हे नाव कुणी एका मांजराला लावतं, कुणी दुसऱ्याला. पाटीवरचं शास्त्रीय नाव वाचा आणि मग जनावराकडे बघा.

प्रायोनेल्युरस रुबिजिनोसस (या लेखातली वाघाटी) ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. मोठी झाल्यावरही एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या मांजरापेक्षा कितीतरी हलकी. अंग करडं, त्यावर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी, कान लहान आणि गोलसर, डोळ्यांच्या आतल्या कडेने वर गेलेल्या दोन पांढऱ्या रेघा, शेपटीवर ठिपके नाहीतच किंवा अगदी पुसट. प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस म्हणजे बिबट मांजर: पाय लांब, रंग पिवळसर, ठिपके ठळक काळे, कानांच्या मागे पांढरा डाग. फेलिस काउस म्हणजे रानमांजर: तिघांत मोठं, अंगावर ठिपके नाहीत, कानांच्या टोकाला काळे केस, आखूड शेपटीवर काळी वलयं.

तिन्ही सकाळी लवकर आणि संध्याकाळी जागी. पेटीच्या तोंडाशी दोन कान दिसले की तिथेच थांबा. पेटी बहुधा पिंजऱ्यात सगळ्यात वर असते. निशाचर दालनात मंद प्रकाश असतो, तिथे आत शिरल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे सरावू द्यायचे. मोबाईलचा पडदा एकदा जरी उघडलात तरी ती पाच मिनिटं पुन्हा सुरू करावी लागतात. बॅटरी लावायची नाही.

या छोट्या मांजरांचा आपल्या शेतांशी थेट संबंध आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊसतोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. लोक कळवळ्याने उचलतात, दूध पाजतात आणि गाईच्या दुधाने जुलाब होऊन ती दगावतात. पिल्लं पोरकी नसतात. आई जवळच दडलेली असते आणि अंधार पडल्यावर येते. योग्य पद्धत अशी: हात लावू नका, तेवढ्या भागातली तोड थांबवा, वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. ते लोक पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री आईची वाट पाहतात. अशी पुनर्भेट झाली नाही की मगच पिल्लू पिंजऱ्यात येतं आणि बहुतेकदा जन्मभर तिथेच राहतं. माणसाच्या हातावर वाढलेल्या मांजराला शिकार कोण शिकवणार?

नागराज

कात्रजचं सर्पोद्यान १९८६ सालचं, प्राणिसंग्रहालयाहूनही जुनं. पुण्यातल्या जुन्या पेशवे पार्कमधले प्राणी इथे आले ते त्यानंतर. तिथे किंवा कुठल्याही सर्पोद्यानात नागराज असेल तर त्याला साध्या नागाचा मोठा भाऊ समजू नका. त्याचा फणा अरुंद आणि लांबट असतो, दहाचा आकडा नसतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मोठ्या खवल्यांची एक जोडी असते जी नागाला नसते. लांबी साडेपाच मीटरपर्यंत जाऊ शकते, विषारी सापांत सर्वांत जास्त. खाद्य मुख्यतः साप, म्हणून तो सांभाळणं अवघड. पानांचं घरटं रचून त्यात अंडी घालणारा हा एकमेव साप. २०२४ साली अभ्यासकांनी नागराजाच्या एका जातीच्या चार जाती केल्या. पश्चिम घाटातल्या जातीला कन्नड नावावरून ‘कालिंग’ म्हटलं आहे. पाटीवर जुनं नाव असलं तर म्हणून आश्चर्य वाटू देऊ नका.

साप हलत नाही म्हणून ‘मेलाय वाटतं’ हे वाक्य काचेपुढे रोज ऐकू येतं. दोन कारणं तपासा. पोटाचा मधला भाग फुगलेला असेल तर त्याने नुकतंच खाल्लंय, काही दिवस तो तसाच पडून राहील. डोळे दुधाळ निळसर आणि अंग निस्तेज असेल तर कात टाकायची वेळ आलीय. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, चटकन बिथरतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर लवकरच कात पडते. असा साप दिसला तर आठवडाभरात पुन्हा जा. ताज्या कातीतला रंग वर्षातले मोजकेच दिवस तसा दिसतो. पडलेली कात पिंजऱ्यात असेल तर ती अखंड आहे का बघा. तुकड्यातुकड्यांत निघाली असेल तर बहुधा आतला दमटपणा कमी पडलाय.

भायखळ्याचे पेंग्विन

राणीच्या बागेतले हंबोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आले आणि २०१७ पासून लोकांना पाहता येतात. हे बर्फातले पक्षी नव्हेत. त्यांचं घर पेरू आणि चिलीचा कोरडा, खडकाळ किनारा. तिथला समुद्र थंड प्रवाहामुळे गार असतो. म्हणूनच दालनातलं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात, शून्याखाली नव्हे. चोचीच्या मुळाशी दिसणारी गुलाबी उघडी कातडी ही त्यांची उष्णता बाहेर टाकायची जागा. पक्षी तापला की ती जास्त लाल दिसते.

गर्दी इथे सरळ मधल्या काचेपुढे थांबते आणि तिथेच काचेवर वाफ धरते. बाजूच्या कोपऱ्यात उभे राहा. तिथून पाण्याखालचं पोहणं तिरकं, जास्त लांबवर दिसतं. प्रौढ पक्ष्याच्या छातीवर एकच काळा पट्टा असतो. पट्टा नसलेलं, राखाडी डोक्याचं म्हणजे वर्षाच्या आतलं पिल्लू. छातीवरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, शिवाय पंखावर रंगीत पट्टी असते. वहीत पट्टीचा रंग आणि ठिपक्यांचं लहान चित्र काढून ठेवलंत तर दुसऱ्या खेपेला तुम्ही त्यांना एकेकट्याने ओळखू लागता. जोडी बराच काळ टिकून राहते, त्यामुळे कोण कुणाच्या शेजारी उभं आहे हेही लिहा.

एखादा पक्षी पिसं विस्कटलेला, फुगलेला, पाण्यापासून दूर एकटा उभा दिसला की लोक तो आजारी समजतात. बहुतेकदा ती पिसं बदलण्याची वेळ असते. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदमच टाकतो, दोन ते तीन आठवडे. नवी पिसं येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, म्हणून तो पोहत नाही. रानात या काळात उपाशीच राहतो. खाऊ घालताना पाहायला मिळालं तर कीपरच्या हाताकडे लक्ष द्या. माशाच्या कल्ल्यात गोळी सरकवून तो पक्ष्याला देतात. गोठवलेल्या माशांतलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं, ते असं भरून काढावं लागतं.

थोडक्यात पाहण्यासारखे आणखी काही

सुसर आणि मगर शेजारीशेजारी असतील तर तोंड बघा. सुसरीचं तोंड चिमट्यासारखं अरुंद, शंभरावर दात, खाणं मासे. मोठ्या नराच्या नाकावर मडक्यासारखी गाठ असते, त्यावरूनच तिचं घडियाल हे नाव. गावाकडे मगरीलाच सुसर म्हणतात, तेव्हा पाटी वाचा. तोंड उघडं टाकून पडलेली मगर चिडलेली नसते, अंगातली उष्णता कमी करत असते.

आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांब आडवी घडी असते आणि नराची आयाळ इतकी विरळ की कान दिसतात. लांडग्याच्या पिंजऱ्यापुढे ‘हा तर कुत्रा’ म्हणणाऱ्याला शेपटी दाखवा: लांडग्याची शेपटी गावठी कुत्र्यासारखी वर वळत नाही. पाय लांब, छाती अरुंद, डोळे पिवळट. तलावात डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव दिसलं तर ते आपल्याकडचं नव्हेच. ते अमेरिकेतून पाळण्यासाठी आणलेलं, कंटाळून कुणीतरी सोडून दिलेलं. तुमच्या घरी असेल तर तेही असं तळ्यात सोडू नका. ते देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतं.

काही प्राणी जवळपास दिसणार नाहीत. खवले मांजराला मुंग्या-वाळवीखेरीज दुसऱ्या अन्नावर जगवणं फार कठीण. भुवनेश्वरच्या नंदनकाननने ते जमवलंय. सह्याद्रीतच असूनही न दिसणारं पिसोरी (मूषक हरीण) हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात पाहायला मिळतं. तिथे त्याचं प्रजनन करून जंगलात सोडण्याचं कामही झालं आहे. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद.

नोंद आणि फोटो

नोंद घेतली नाही तर अर्ध्या तासातलं अर्धंही आठवत नाही. सोपी रीत: दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी प्राणी काय करतोय ते एका शब्दात लिहायचं: खातोय, झोपलाय, चालतोय, अंग चाटतोय, दिसत नाही. अर्ध्या तासात पंधरा नोंदी होतात. मधल्या काळात घडलेलं विशेष काही बाजूला लिहा. ‘दिसत नाही’ हीसुद्धा नोंद आहे, ती गाळू नका. वर तारीख, वेळ, ऊन-पाऊस आणि अंदाजे गर्दी.

या पंधरांपैकी दहा नोंदींत प्राणी त्याच वाटेवर, त्याच ठिकाणी वळत, पुन्हापुन्हा फेऱ्या मारताना दिसला तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. मांसाहारी प्राणी जेवणाच्या वेळेआधी असे फिरतात, आणि मोठ्या मांजरांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. दुसऱ्या वारी, दुसऱ्या वेळेला पुन्हा नोंद घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी तेच दिसलं तर कोंडलेपणामुळे लागलेली सवय असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तारीखवार नोंद जोडून अधीक्षकांना लिहा. ‘प्राणी दुःखी वाटतो’ या वाक्यापेक्षा ‘तीस मिनिटांत एकाच वाटेने चाळीस फेऱ्या, तीन दिवस’ हे त्यांना उपयोगी पडतं.

फोटोत जाळी नको असेल तर भिंगाचं छिद्र सगळ्यात मोठं ठेवा आणि प्राणी जाळीपासून दूर, पिंजऱ्याच्या मागच्या भागात असेल तेव्हाच टिपा. जाळीवर ऊन पडत असेल तर ती पांढरी चमकते. सावलीतली बाजू शोधा. मोबाईलमध्ये दुप्पट जवळ दाखवणारं (२x) भिंग वापरून प्राण्यावर बोट टेकवा, नाहीतर तो जाळीवरच स्थिरावतो. काचेतून टिपताना मोबाईल काचेला अलगद टेकवा आणि भोवती काळा रुमाल धरा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश कुठेच नाही. कठडा ओलांडायचा नाही, मोबाईल खंदकात पडला तरीही. काठीने काढायला वाकू नका, कीपरला बोलवा. प्राणी आत घेतल्याशिवाय तिथे कुणीच उतरत नाही.

कीपरशी बोलायला सकाळच्या सफाईनंतरची आणि संध्याकाळी प्राणी आत घेण्याआधीची वेळ बरी. दादा किंवा ताई म्हणून हाक मारा आणि ‘हा किती वर्षांचा? कुठून आला? काय आवडतं याला?’ असे प्रश्न विचारा. पिंजऱ्यातल्या प्रत्येकाला नावाने ओळखणारी तीच माणसं असतात, आणि त्यांना विचारणारं फारसं कुणी नसतं. उत्तरं वहीत त्याच दिवशी लिहून काढा. मग जून, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशा चार वेळा त्याच तीन पिंजऱ्यांकडे परत या. हवा बदलली की अंगावरचे केस, खाणं आणि बसायच्या जागा कशा बदलतात ते आधीच्या नोंदींशी ताडून पाहता येतं.